दोन बटणांमधली खिडकी

एका रविवारी माझ्या नवऱ्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘धुळे’ हे बटण निवडलं आणि समोर आलेल्या खिडकीत ‘हो’ म्हटलं. मंगळवारी मी त्यांना जीपने धुळ्याला पोचवलं. अकरा आठवड्यांनी, एका बुधवारी, ते गेले. मी जळगावला तास घेत होते.

एवढं लिहायला मला बरीच वर्षं लागली. पुढचं लिहिताना वेळ लागला तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

ते धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत. मी जळगावला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवत होते. लग्नानंतर दोघांच्याही नोकऱ्या जिथल्या तिथे राहिल्या. धुळ्यात त्यांच्या थोरल्या भावाचं भरलेलं घर होतं, आणि जळगावच्या मेहरूणमध्ये, तलावापासून जरा आत, माझ्या भाड्याच्या दोन खोल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एसटी धरायचे आणि चारच्या सुमाराला जिन्यावर त्यांच्या चपला वाजायच्या. सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. आमचा संसार आठवड्यातून दीड दिवसाचा होता. त्यात भांडायला वेळ मिळत नसे, असं ते लोकांना सांगत. ते खरं नव्हतं. आम्ही भांडायचोही, पण रविवारी संध्याकाळपर्यंत मिटवायचो.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या विभागात विंडोज असलेली यंत्रं आली. तोवर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं शिकवणारी मी, आता बटणं आणि खिडक्या शिकवू लागले. एका शनिवारी ते माझी वही चाळत होते. वहीत पडद्याची आकृती होती, डाव्या वरच्या कोपऱ्यात शून्य लिहिलेलं.

“तुमचं शून्य इथे?” त्यांनी विचारलं. “आणि खाली गेलं की आकडा वाढतो?”

मी हो म्हणाले.

“म्हणजे दक्षिणेला गेलं की अक्षांश वाढतो. बाई, हे माझ्या मुलांना सांगू नका. सगळी नापास होतील.”

मला चिडवायचं असलं की ते मला बाई म्हणत. मी त्यांना सर म्हणायची.

वर्गात नकाशा दाखवताना ते पडले. डोक्यात रक्त गोठलं होतं. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. ऐकलेलं समजत होतं, लहान शब्द वाचता येत होते. तोंडातून मात्र एकच आवाज निघे, आणि तो कशासाठी आहे हे कोणालाच कळत नसे. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या. गिळतात का, झोप लागते का. दिसतं ना नीट, असंही विचारलं. ते माझ्याकडे बघत होते, त्यांचे डोळे स्वच्छ होते. मीच म्हणाले, हो, दिसतं.

मी त्यांना जळगावला आणलं. व्यायाम करून घेणारे डॉक्टर माझ्या कॉलेजच्या रस्त्यावर होते, आणि रजा संपल्यावरही दुपारी येऊन जाणं मला जमण्यासारखं होतं. सकाळी एक बाई सोबतीला येई. जेवण मी स्वतः चमच्याने भरवायची, समोर बसून, घास थेट तोंडापाशी नेऊन.

आधी मी पुठ्ठ्यावर शब्द लिहिले. पाणी, दुखतं, उशी, खिडकी. पण त्यांचा डावा हात कापायचा. बोट पाणी आणि दुखतं यांच्या मधोमध थरथरत राही आणि शेवटी ते हात खाली टाकत. तेव्हा मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी एक जुनं यंत्र घरी न्यायला परवानगी दिली, फक्त गावाबाहेर न्यायचं नाही असं लिहून घेतलं.

कॉलेजला जाण्याआधी, सकाळच्या वेळात, मी त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला बसले. पडद्यावर शब्दांची बटणं. कीबोर्डवर डाव्या हाताने बाणाची कळ दाबली की पिवळी रेघ एका बटणाभोवतून दुसऱ्याभोवती सरकायची. एंटर दाबलं की त्या बटणाला लागून एक छोटी खिडकी उघडायची. आम्ही तिला पॉपअप म्हणायचो. तिच्यात पुढची निवड. ‘खिडकी’ दाबलं तर ‘उघड’ आणि ‘बंद’. ‘पाणी’ दाबलं तर ‘गार’ आणि ‘कोमट’.

ही छोटी खिडकी बटणाला लागून उघडणं हेच सगळ्यात अवघड होतं. पहिले काही दिवस ती भलत्याच कोपऱ्यात उगवायची. कारण बटणाची जागा ज्या चौकटीत ते बसवलंय तिच्या कोपऱ्यापासून मोजलेली असते, आणि नव्या खिडकीची जागा मोजायची ती अख्ख्या पडद्याच्या कोपऱ्यापासून. मुलांना मी हे पत्त्यावरून सांगायची. तिसऱ्या गल्लीतलं दुसरं घर एवढं सांगून कोणी पोचत नाही, आधी गल्ली कुठल्या पेठेतली आणि पेठ कुठल्या गावातली ते मिळवावं लागतं. तसं चौकटीचं अंतर, तिच्या किनारीची जाडी, वरच्या पट्टीची उंची, हे सगळं बेरजेत धरावं लागे. एवढा आटापिटा कशासाठी, असं मुलं विचारायची. मी सांगायची की खिडकी कशाबद्दल विचारतेय हे तिच्या जागेवरून कळलं पाहिजे. ती ज्याच्या शेजारी, त्याची. तिच्यात वेगळं नाव लिहायची गरज पडता कामा नये.

हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे.

त्यांच्या प्रोग्रॅममध्ये पडद्याचा डावा भाग मी मोकळा ठेवला, निवडलेला शब्द तिथे मोठ्या अक्षरात दिसावा म्हणून. बटणं सगळी उजव्या कडेला, एकाखाली एक. मग लक्षात आलं की बटणाच्या उजवीकडे खिडकी उघडली तर ती अर्धी पडद्याबाहेर जाते. म्हणून एक अट घातली. उजवीकडे जागा असेल तर उजवीकडे उघड. नसेल तर डावीकडे. उजव्या कडेला जागा कधीच नव्हती. सगळ्या खिडक्या डावीकडेच उघडायच्या. शिवाय एक घड्याळ ठेवलं, की वीस सेकंदांत काही दाबलं नाही तर खिडकी आपोआप मिटेल, म्हणजे चुकून उघडली तर ते अडकून पडणार नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी ‘रेडिओ’ निवडलं. मला वाटलं, लावायचाय. तो तर चालूच होता. त्यांना एकटं वाटू नये म्हणून मी दिवसभर लावून ठेवत असे. त्यांनी ‘बंद’ दाबलं. तीन आठवडे त्यांनी तो रेडिओ सोसला होता. मी हसत हसत तो बंद केला आणि तेही त्यांच्या अर्ध्या तोंडाने हसले. पुढे दीड महिना ते रोज काही ना काही सांगत. पाय दाबून दे. दिवा बंद. पुस्तक. पुस्तक म्हणजे मी वाचून दाखवायचं. त्या यंत्रावर माझा विश्वास बसला तो या दिवसांत.

मग धुळ्याहून भाऊ आले. त्यांच्या थोरल्या भावाला सगळे भाऊच म्हणत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी दिवसभर कॉलेजात, हा भाड्याच्या खोलीत परक्या बाईच्या भरवशावर. तिकडे घरात सहा माणसं, शाळेतली मुलं भेटायला येतील. माझ्याशी ते नेहमी शुद्ध मराठीत बोलत, त्या दिवशीही बोलले. वाईट काहीच बोलले नाहीत. मी म्हणाले, मला त्यांना सोडायचं नाही. भाऊ म्हणाले, तुझं नको, माझंही नको, त्यालाच विचारू.

त्यांच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट चार माणसांसमोर विचारायची रीत होती. ज्याची गोष्ट, त्याने सगळ्यांसमोर एकदा सांगायचं, आणि एकदा सांगितलं की ती पुन्हा काढायची नाही. जमिनीची वाटणीही अशीच झाली होती, माझं लग्नही असंच ठरलं होतं. रविवार ठरला. पिंपळनेरहून चुलत सासरे यायचे होते, त्यांना सगळे आबा म्हणत.

मी त्यासाठी नवा पडदा केला. दोनच बटणं, ‘जळगाव’ आणि ‘धुळे’. कोणी मला पक्षपाती म्हणू नये म्हणून मी फार विचार केला. दोन्ही बटणं एकाच मापाची, एकाच रंगाची. सुरुवातीला पिवळी रेघ कशाभोवतीच नाही. बटणं एकाखाली एक ठेवली तर वरचं महत्त्वाचं वाटेल, म्हणून शेजारी शेजारी ठेवली, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. डावं कुठलं? नकाशाप्रमाणे धुळे पश्चिमेला, म्हणजे डावीकडे यायला हवं होतं. त्यांना तेच बरोबर वाटलं असतं. पण आपल्या मनाने काहीच ठरवायचं नाही म्हणून मी वर्णानुक्रम घेतला. ज आधी, ध नंतर. जळगाव डावीकडे गेलं.

आणि बटण दाबलं की त्याच्या शेजारी एक खिडकी: ‘नक्की?’, तिच्यात ‘हो’ आणि ‘नाही’. जागा काढण्याची आणि मिटण्याची कलमं जुन्या प्रोग्रॅममधून जशीच्या तशी उचलली. ती तपासलेली होती.

रविवारी खोलीत भाऊ, आबा, माझी जाऊ आणि मी. जावेला घरात अक्का म्हणत. आबांनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

“ह्या डबाले मराठी येस का?” त्यांनी विचारलं.

“आपल्यापेक्षा बरं येतं,” भाऊ म्हणाले, आणि सगळे जरा हसले. मग भाऊ खाटेजवळ जाऊन आपल्या भावाशी त्यांच्या बोलीत बोलले.

“तू सांग. कोठे ऱ्हावानं शे तुले?”

आम्ही सगळे खाटेच्या मागे उभे राहिलो. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कोणी त्यांना भीड घालू नये, असं आबांनी सुचवलं होतं. खाटेवरून त्यांनी डावा हात कीबोर्डवर ठेवला आणि डावा बाण दाबला. पिवळी रेघ जळगावभोवती आली. त्यांनी एंटर दाबलं. ‘नक्की?’ उघडली.

त्यांनी काही केलं नाही.

मी मनात आकडे मोजत होते, घड्याळ मीच लावलं होतं. दहाला त्यांनी मान जराशी वळवली. पंधराला हात उचलला आणि पुन्हा ठेवला. वीसला खिडकी मिटली. मग त्यांनी उजवा बाण दाबला, रेघ धुळ्याभोवती गेली. एंटर. ‘नक्की?’ पुन्हा उघडली, आणि त्यांनी लगेच ‘हो’ दाबलं.

आबा म्हणाले, झालं. भाऊंनी डोळे पुसले. अक्काने माझा हात धरला. मी चहा टाकायला आत गेले. त्यांच्या तोंडाकडे मी त्या वेळी पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत पाहिलं नाही. जळगावशी थांबले ते मला दुखवायचं नाही म्हणून, आणि धुळ्याला लगेच हो म्हणाले कारण तिथेच जायचं होतं, असं मी धरून चालले. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, असंही स्वतःला सांगितलं. पण मला राग आला होता. सोमवारी त्यांनी दोनदा तो आवाज काढला. मी ‘पाणी?’ विचारलं, ‘उशी?’ विचारलं. यंत्र चालू केलं नाही.

मंगळवारच्या जीपमध्ये मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले, तो निकामी हात मांडीवर घेऊन. सगळा रस्ता ते डावीकडे बाहेर बघत राहिले. एरंडोलला जीप थांबली, मी पाण्याचा पेला त्यांच्यासमोर धरला, ते पाणी प्यायले आणि त्यांनी पुन्हा मान डावीकडे वळवली. पारोळ्यानंतर मीही बोलायचं सोडलं. त्यांना माझ्याकडे बघायचं नाही, असं मला वाटलं.

पुढचे अकरा आठवडे शनिवारची एसटी मी धरली. यंत्र गावाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. मागितली असती तर मिळाली असती. धुळ्यात त्यांना काही कमी नव्हतं. अक्का त्यांचं सगळं करायची. शाळेतली मुलं यायची, जुना नकाशा भिंतीवर लावून त्यांना नद्या विचारायची आणि ते काठीने दाखवायचे. मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते सगळ्यांनाच बघून यायचं. रविवारी संध्याकाळी मी निघायची तेव्हा ते डावा हात उचलायचे. निरोप घेताहेत असं समजून मीही हात उचलायची.

बुधवारी दुपारी कॉलेजात फोन आला. मी पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबले होते.

दिवसकार्य झाल्यानंतर मी आणि अक्का स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. त्यांचं स्टीलचं ताट तिच्या हातात आलं. ती ते पुसत राहिली आणि सहज बोलली, जशी आपण गेलेल्या माणसाची सवय आठवून बोलतो तशी.

“अर्धं ताट तसंच ऱ्हाये. उजवीकडलं तेस्ले दिखेच ना. मी ताट फिराई देऊ, मंग बठ्ठं खाई लेत.”

मी विचारलं, कधीपासून?

“पैल्ला दिनपासून,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून थांबली. “तुले माहीत नव्हतं का, बाई?”

मला माहीत नव्हतं. मी चमच्याने भरवत होते.

मी तिच्या हातातलं ताट घेऊन जागेवर ठेवलं. जळगावला परत आल्यावर कॉलेजात त्या प्रोग्रॅमचा प्रिंट काढला आणि पेन्सिल घेऊन बसले. पडदा सहाशे चाळीस ठिपके रुंद. जळगावचं बटण साठपासून दोनशे वीसपर्यंत. धुळ्याचं चारशे वीसपासून पाचशे ऐंशीपर्यंत. छोट्या खिडकीची रुंदी दोनशे. जळगाव दाबलं तेव्हा उजवीकडे जागा होती, म्हणून खिडकी उजवीकडे उघडली. ते जळगावकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेच्या उजवीकडचं त्यांना दिसत नव्हतं. त्यांच्या लेखी काहीच उघडलं नाही. कळ दाबून काही झालं नाही की माणूस दुसरी कळ दाबतो, माझे विद्यार्थीही तेच करतात. धुळे दाबलं तेव्हा उजवीकडे जागा नव्हती, खिडकी डावीकडे गेली, आणि रेघ शोधत उजवीकडे सरकलेल्या त्यांच्या नजरेला ती दिसली.

मग मी दोन्ही वेळच्या खिडकीची डावी कड काढली. जळगावची दोनशे वीस. धुळ्याची चारशे वीस वजा दोनशे, दोनशे वीस. पुन्हा काढली. दोन्ही खिडक्या एकाच जागी उघडल्या होत्या, दोन बटणांच्या बरोबर मधे, दोघांनाही चिकटून. तिच्यात गावाचं नाव नव्हतं, कारण ते लिहायची गरज पडता कामा नये असं मीच शिकवत आले होते. आम्ही मागे उभे राहून पिवळी रेघ बघत होतो. खिडकीकडे बघताना त्यांना उजवीकडचं धुळे आणि त्याभोवतीची रेघ दिसत नसणार. डावीकडे जळगाव दिसत असणार. त्याला लागून, ‘नक्की?’

ते हो म्हणाले.

ते धुळ्यालाच हो म्हणाले असतील, हेही खरं असू शकतं. तिथे त्यांचं घर होतं, शाळेतली मुलं होती, नकाशा होता. दोन्ही बाजूंनी मी पुष्कळदा विचार केला आहे. विचाराने त्यात काही फरक पडत नाही. बटणं एकाखाली एक ठेवली असती, किंवा नकाशाप्रमाणे धुळे डावीकडे ठेवलं असतं, किंवा खिडकीत एक शब्द जास्त लिहिला असता तर कळलं असतं. सोमवारी त्यांनी आवाज काढला तेव्हा यंत्र चालू केलं असतं तरी कळलं असतं. जीपमध्ये मी डाव्या बाजूला बसले असते तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं की नाही, तेवढं तरी.

भाऊंना मी हे कधी सांगितलं नाही. अक्कालाही नाही. तिने त्यांचं ताट अकरा आठवडे फिरवून दिलं होतं. तिच्यापुढे काय ठेवायचं होतं मी?

यंत्र मी कॉलेजला परत केलं. पुढच्या वर्षी मुलांना शिकवताना फळ्यावरचं ते वाक्य लिहिलं नाही. खिडकीत नाव लिहा, एवढंच सांगितलं. का, ते कोणी विचारलं नाही.

फ्लॉपीला बुरशी लागली आहे आणि ती वाचणारं यंत्र आता माझ्याकडे नाही. तो प्रिंट कपाटात आहे. त्याच्या दुसऱ्या पानावर समासात पेन्सिलीने दोनशे वीस हा आकडा दोनदा लिहिलेला आहे.